डिस्क भरली आणि बिऱ्हाड पसरलं

युनिक्सच्या संगणकाला डिस्क किती लागते, असं कुणी विचारलं की मी त्याला आधी फोल्डर उघडून बघायला सांगतो. तिथे एक ‘बिन’ दिसतं. शेजारचं ‘यूएसआर’ उघडलं की त्यातही एक ‘बिन’! दोन्हींत प्रोग्रामच. मग दोन जागा कशाला?

त्याचं कारण 1971 सालचं आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ज्या पीडीपी-11 वर युनिक्स घडवत होते, त्याची डिस्क 512 किलोबाइटची होती. मोबाइलवर काढलेला आजचा एक फोटोसुद्धा तिच्यात मावला नसता. वापरणाऱ्यांच्या फायली दुसऱ्या डिस्कवर, ‘यूएसआर’ या नावाने ठेवलेल्या. प्रोग्राम वाढत गेले, पहिली डिस्क भरली, तसं थोडं बिऱ्हाड या दुसऱ्या डिस्कवर हललं. सगळं मात्र हलवता येईना. दुसरी डिस्क जोडून देणारी आज्ञा म्हणजे ‘माउंट’. तीच त्या डिस्कवर ठेवली, तर कपाटाची किल्ली कपाटात राहून गेल्यासारखं होणार! म्हणून यंत्र सुरू करण्यापुरतं सामान पहिल्या ‘बिन’मध्ये राहिलं. पुढे डिस्क हजारो पटींनी मोठ्या झाल्या, तरी ही वाटणी टिकली. युनिक्सच्याच वळणाच्या फेडोरा लिनक्सने 2012 मध्ये दोन्ही ‘बिन’ एक केली.

जागेचा दुसरा धडा बर्कले विद्यापीठातला, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. मार्शल मॅकक्युसिक आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये युनिक्ससाठीच्या आपल्या नव्या फाइल सिस्टिमबद्दल, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीबद्दल, लिहिलं, तेव्हा डिस्कचा सुमारे दहा टक्के भाग मोकळा राखायला सांगितलं. फाइलचे तुकडे जवळजवळ ठेवले तर ती झटपट वाचता येते. पण मोकळी जागा संपत आली की तुकडे मिळेल तिथे विखुरतात. डिस्क काठोकाठ भरली की वेग जवळपास निम्म्यावर येतो, हे त्यांनी नोंदवलं.

आज उबुंटू डेस्कटॉप हे लिनक्स 25 जीबी जागा मागतं. पण खरी जागा खातात त्या आपल्याच फायली आणि ‘व्हार’ या फोल्डरमध्ये निमूटपणे साठत जाणाऱ्या नोंदी. तेव्हा नवी डिस्क घेण्याआधी ‘डीएफ’ ही आज्ञा देऊन हिशेब पाहा, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांचं काम मावूनही दहावा हिस्सा रिकामा राहील एवढी डिस्क घ्या.