पॅरिसच्या पेपरांना मागे टाकणारं रेन शहराचं दैनिक

फ्रान्समध्ये सर्वाधिक खपणारं दैनिक कोणतं, असं विचारलं तर आपल्याकडे बहुतेक जण ‘ल मोंद’ नाहीतर ‘ल फिगारो’चं नाव घेतील. पण 1970 च्या दशकाच्या मध्यापासून हा मान आहे ‘उएस्त-फ्रान्स’ या प्रादेशिक पेपरकडे. नावाचा अर्थ साधा आहे, पश्चिम फ्रान्स. ब्रिटनी भागातल्या रेन शहरातून तो निघतो.

त्याचा पूर्वज ‘लुएस्त-एक्लेर’. 1899 च्या ऑगस्टमध्ये एमानुएल देग्रे द्यु लू हे वकील आणि फेलिक्स त्रोशू हे पाद्री या दोघांनी तो सुरू केला. त्या काळी फ्रान्समधले बरेच कॅथलिक राजेशाहीच्या बाजूचे होते. या दोघांना मात्र धर्म आणि प्रजासत्ताक यांचं जमू शकतं असं वाटत होतं. पेपर चांगला चालला. पुढे 1940 मध्ये जर्मन आले आणि तो त्यांच्या ताब्यातही छापला जात राहिला. देग्रे यांचे जावई पॉल ह्यूतँ यांनी मात्र काम सोडलं.

हा फरक पुढे निर्णायक ठरला. 4 ऑगस्ट 1944 ला रेन मुक्त झालं. जर्मनांच्या काळात निघत राहिलेल्या पेपरांवर नव्या सरकारने बंदी घातली, त्यात ‘लुएस्त-एक्लेर’ही गेला. तीनच दिवसांत, 7 ऑगस्टला, ह्यूतँ आणि सहकाऱ्यांनी त्याच जागेतून ‘उएस्त-फ्रान्स’चा पहिला अंक काढला.

आज त्याच्या पन्नासहून जास्त स्थानिक आवृत्त्या आहेत आणि खप साधारण 6 लाखांच्या घरात. खरी गंमत मालकीत आहे. 1990 मध्ये पेपर एका ना-नफा संस्थेच्या हाती देण्यात आला. कुणी धनाढ्य उठून विकत घेईल म्हटलं, तर घ्यायला शेअरच नाहीत! आपल्याकडे वाहिन्या कशा हातोहात बदलतात ते पाहिलं, की ही युक्ती किती शहाणपणाची होती ते कळतं.

गुन्ह्यांच्या बातम्यांसाठी या पेपरची लेखी आचारसंहिता आहे. सांगायचं, पण कुणाचं नुकसान करायचं नाही. आरोप दाखवायचा, पण निकाल आपण द्यायचा नाही, असा तिचा गाभा. अटक झाली की दुसऱ्या दिवशी तरुणाचा फोटो, मोहल्ला, बापाचं नाव सगळं पहिल्या पानावर, आणि वर्षांनी तो निर्दोष सुटला तर आतल्या पानावर चार ओळी, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना या नियमाची किंमत वेगळी सांगायला नको.

ऑक्टोबर 2021 मध्ये या पेपरने आणखी एक पाऊल उचललं. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपर्यंत मतदानाचे अंदाज स्वतः करवून घ्यायचे नाहीत आणि दुसऱ्यांच्या अंदाजांवर चर्चाही रंगवायची नाही, असं संपादक फ्राँस्वा-झाविए लफ्राँ यांनी जाहीर केलं. त्यांचं म्हणणं असं, की आकड्यांमागे धावण्यापेक्षा बातमीदाराने लोकांकडे जावं, त्यांचं ऐकावं.