एअर सस्पेन्शनची गाडी खाली बसली? स्कॅनर विकत घेण्याआधी एवढं तपासा

रात्री अंगणात सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका बाजूला टेकलेली दिसते. टायरमध्ये हवा आहे, पण बॉडी चाकावर येऊन बसलीये. चालू केली की कंप्रेसर घरघर करतो, थोड्या वेळाने गाडी उठते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. पुण्या-मुंबईहून सेकंडहँड ऑडी क्यू-७, मर्सिडीज किंवा रेंज रोव्हर आणलेल्यांना हे दुखणं माहीत आहे. गाडी स्वस्तात मिळते, पण एअर सस्पेन्शनचं एक काम निघालं की खिसा रिकामा होतो.

मग मोबाइलवर शोधाशोध होते आणि काही शे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला जातो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनच्या सॉकेटात तो लावला की ॲप सांगतं, फॉल्ट नाही. दिवा मात्र पेटलेलाच!

यात स्कॅनर खराब निघाला असं नाही. हे स्वस्त स्कॅनर मुख्यतः धूर-प्रदूषणाच्या नियमांसाठी जी माहिती सगळ्या कंपन्यांना सारखी द्यावी लागते, तेवढीच वाचतात. म्हणजे इंजिनाची. त्यांचे कोड 'पी' अक्षराने सुरू होतात. सस्पेन्शनचा कॉम्प्युटर वेगळा असतो, त्याचे कोड बहुधा 'सी'चे आणि प्रत्येक कंपनीची भाषा आपापली. सॉकेट एकच असलं म्हणून काय झालं? एकाच खांबावरून वायर गेली तरी शेजारच्या घरातला दिवा आपल्या बटणाने लागत नाही.

म्हणून दुकानदाराला 'चांगला स्कॅनर कोणता' असं विचारू नका. 'माझ्या गाडीच्या, माझ्या वर्षाच्या मॉडेलचं सस्पेन्शन मॉड्यूल हा उघडतो का' असं विचारा. डब्यावर 'सर्व गाड्यांना चालतो' असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका.

आधी साबणाचं पाणी

कोणताही स्कॅनर हवा कुठून गळते ते बोट दाखवून सांगत नाही. ते काम स्प्रे बाटलीतलं साबणाचं पाणी करतं. गाडी उठलेली असताना हवेच्या फुग्यावर (गॅरेजवाले याला एअर बॅग किंवा बेलो म्हणतात), पाइपच्या जोडांवर आणि वाल्व ब्लॉकवर फवारा. बुडबुडे आले की गळती सापडली. आपल्याकडे चिखल आणि खडीची धूळ रबराच्या घडीत जाऊन बसते आणि तिथेच ते घासून फाटतं. उंदरांनी पाइप कुरतडलेलाही सापडतो. आणि हात घालण्याआधी गाडीला घोडी लावाच. हवा अचानक सुटली तर गाडी सरळ खाली येते, त्यामुळे नुसत्या जॅकवर विसंबून कुणीही खाली जाऊ नये. बऱ्याच गाड्यांत 'जॅक मोड' असतो, तो आधी चालू करायचा.

ही गळती न शोधता नुसता कोड वाचला की खरा फटका बसतो. समजा स्कॅनरने सांगितलं, 'कंप्रेसर गरम झाला'. मिस्त्री म्हणतो, कंप्रेसर बदला. नवीन बसतो, महिना-दोन महिने बरे जातात आणि तोही जातो. कारण फुगा गळत होता, ती हवा भरून काढायला कंप्रेसर सारखा पळत होता. कधी कधी कंप्रेसरचा रिले चिकटलेला असतो. एवढासा पार्ट, पण त्याच्यामुळे कंप्रेसर बंदच होत नाही आणि जळतो. कोड म्हणजे तक्रार कुणी केली ते कळणं. दोषी कोण ते शोधणं बाकीच असतं.

मग स्कॅनरमध्ये काय हवं?

कोड वाचणं आणि पुसणं तर हवंच, पण पैसे द्यायचे ते पुढच्या गोष्टींसाठी. एक, चालू आकडे: चारही कोपऱ्यांची उंची, हवेचा दाब, कंप्रेसरचं तापमान. बॉडी वर-खाली केली आणि तीन कोपऱ्यांचे आकडे हलले, चौथा जागेवरच राहिला, तर संशय त्या उंचीच्या सेन्सरवर, त्याच्या दांडीवर किंवा वायरिंगवर जातो. कंप्रेसर पळतोय पण दाब चढत नाही, तर कंप्रेसर आणि त्याच्या जवळचे जोड बघा. दाब नीट चढतो पण रात्रीत एकच कोपरा बसतो, तर त्या बाजूचा फुगा, पाइप नाहीतर वाल्व.

दुसरं, स्कॅनरवरून एकेक वाल्व उघडता-मिटता आला पाहिजे आणि कंप्रेसर चालवता आला पाहिजे. तिसरं, उंचीचं कॅलिब्रेशन. सेन्सर किंवा मॉड्यूल बदललं की सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून ते भरावं लागतं. हे न केल्यास सगळे पार्ट नवे असूनही गाडी वाकडीच उभी राहू शकते. आणि तपासणीच्या वेळी बॅटरी भरलेली ठेवा, कमी व्होल्टेजमुळे नसलेले फॉल्टही दिसतात.

एकच गाडी असेल तर त्या कंपनीपुरतं साधन परवडतं. ऑडी, फोक्सवॅगन, स्कोडासाठी व्हीसीडीएस आणि ओबीडीइलेव्हन आहेत, लँड रोव्हरसाठी गॅप कंपनीचं आयआयडी टूल. ओबीडीइलेव्हनमध्ये वरची कामं वेगळे पैसे भरल्यावरच उघडतात, हे घेण्याआधी माहीत असावं. गॅरेजवाल्याकडे चार कंपन्यांच्या गाड्या येत असतील तर लॉन्च किंवा ऑटेलसारखा मल्टिब्रँड स्कॅनर बरा. पण त्याच्या किमतीत दरवर्षीच्या अपडेटचा खर्च धरा. अपडेट थांबलं की नव्या मॉडेलच्या गाड्या त्यावर उघडत नाहीत. स्वस्तातल्या नकली केबल ऑनलाइन भरपूर मिळतात, पण मॉड्यूलमध्ये काही लिहायची वेळ आली तर ती जोखीम घेऊ नये असं आमचं मत आहे.

बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हावाल्यांनी हा खर्च करूच नये. त्यांना कंपनीकडून लोखंडी स्प्रिंग किंवा पाटे येतात.

ट्रॅव्हल्सच्या बसचं गणित वेगळं. अनेक बसमध्ये उंची सांभाळणारा वाल्व साध्या दांडीवर चालतो, त्याला कॉम्प्युटरच नसतो. तिथे स्कॅनर काय वाचणार? प्रेशर गेज आणि साबणाचं पाणी पुरतं, दांडी वाकलीय का तेही बघा. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेल्या बसला मात्र जड वाहनांचाच स्कॅनर लागतो. बसची वीज २४ व्होल्टची, कारची १२ व्होल्टची. फक्त १२ व्होल्टसाठी बनवलेला स्कॅनर बसला जोडला तर तो जळू शकतो.

खरेदी करताना गाडी दुकानाच्या दारात न्या, नाहीतर विक्रेत्याला गॅरेजवर बोलवा. स्कॅनर लावून सस्पेन्शनचं पान उघडायला सांगा. चारही चाकांची उंची पडद्यावर दिसली आणि एक वाल्व उघडून गाडीचा तोच कोपरा हलवून दाखवला, तरच पैसे काढा. त्या वेळी गाडीखाली आणि चाकाच्या कमानीत कुणाचा हात नको.