केस पेपरवरचं नाव आणि बाईचं नशीब

मैत्रिणींनो, ताप मोजायला थर्मामीटर आहे, साखर मोजायला रक्ताची तपासणी आहे. पण मनाचा आजार कशाने मोजायचा? तो एक्सरेत दिसत नाही. मग डॉक्टर केस पेपरवर ‘डिप्रेशन’ किंवा नुसतंच ‘एफ ३२’ असं लिहितात, ते कशाच्या आधारावर? हे आपल्याला ठाऊक हवं. कारण त्या एका शब्दावर गोळ्या तर ठरतातच, पण पुष्कळदा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत बाईचं नशीबही ठरवलं जातं.

दोन जाडजूड ग्रंथ

यासाठी जगात मुख्यतः दोन ग्रंथ वापरतात. एक जागतिक आरोग्य संघटनेचा, ‘आयसीडी’. त्यात सगळ्याच आजारांना क्रमांक दिलेले आहेत. ‘एफ ३२’ हा त्याच्या दहाव्या आवृत्तीतला नैराश्याचा क्रमांक. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दुसरा ग्रंथ अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा, ‘डीएसएम’. तो १९५२ साली पहिल्यांदा निघाला.

पूर्वी एकाच तऱ्हेच्या रुग्णाला लंडनचे डॉक्टर एक नाव देत, तर न्यूयॉर्कचे दुसरंच. हा गोंधळ मिटवायला १९८० च्या ‘डीएसएम’ने प्रत्येक आजाराच्या लक्षणांची यादी आणि मोजणीचा नियम घालून दिला. आता आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत नैराश्याची दहा लक्षणं आहेत. त्यांतली निदान पाच हवीत, ती दोन आठवडे जवळजवळ रोज हवीत आणि त्यात उदासपणा किंवा कशातच गोडी न वाटणं यांपैकी एक असलंच पाहिजे. या मोजणीमुळे परभणीच्या डॉक्टरांनी लिहिलेलं पुण्याच्या डॉक्टरांना कळतं. हा फायदा लहान नाही.

यादीत न मावणारं दुखणं

पण आपल्याकडची बाई ‘मी उदास आहे’ असं म्हणते का हो? समजा, जिंतूरकडची एखादी सून आहे. ती म्हणते, “डोकं जड पडलंय, हातापायाची आग होते, जीव घाबरा होतो.” मग सलाइन लागतं, टॉनिक येतं, आणि झोप, भूक, मरणाचे विचार यांबद्दल गर्दीत कुणी विचारतच नाही. उलटही घडतं. थायरॉइड बिघडला किंवा अंगात रक्त कमी असलं, तरी बाई थकलेली नि उदास दिसते. म्हणून ती तपासणी आधी झाली पाहिजे, असं हे ग्रंथही सांगतात.

अंगात येण्याचंही तसंच. नवरात्रात, रीतीप्रमाणे, देवीपुढे अंगात आलं तर आयसीडी त्याला आजार म्हणत नाही. मात्र ते नकोसं असताना, आवरेनासं होऊन, अवेळी घडू लागलं आणि त्याने संसार खोळंबला, तर तो उपचाराचा विषय होतो.

ग्रंथही बदलतात

‘हिस्टेरिया’ हा शब्द आपल्या आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना चिकटला होता. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गर्भाशय! १९८० साली अमेरिकी ग्रंथाने ते नाव मोडून त्याजागी वेगवेगळे आजार मांडले.

दुःखाचंच पाहा. आपल्या जिल्ह्यात शेतकरी नवऱ्याने जीव दिल्यावर मागे राहिलेल्या बायका थोड्या नाहीत. १९९४ चा अमेरिकी ग्रंथ सांगे, मृत्यूनंतर दोन महिने शोकाला सहसा नैराश्य म्हणू नये. २०१३ साली ही सवलत काढून टाकली. आता ‘लांबलेला शोक’ असा वेगळा आजारच आहे. आयसीडी त्यासाठी सहा महिने मोजते, अमेरिकी ग्रंथ मोठ्या माणसासाठी बारा. म्हणजे आठ महिन्यांची विधवा एका ग्रंथाप्रमाणे आजारी ठरू शकते, दुसऱ्याप्रमाणे नाही! आपल्याकडे तर वर्षश्राद्धापर्यंत घरात सणवारही करत नाहीत. अशा रीतीभाती लक्षात घ्या, असं आयसीडी स्वतःच बजावते. पण त्या डॉक्टरांना सांगणार कोण? आपणच.

नाव म्हणजे निकाल नव्हे

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवर, म्हणजे आयसीडीसारख्या ग्रंथावर, करायला सांगतो. पण समाजाच्या चालीरीती पाळत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, हेही त्याला पुरेसं कारण नाही. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाच्या एका खटल्यात सांगितलं, की आजाराचं नुसतं नाव दाखवून घटस्फोट मिळत नाही. त्याची तीव्रता किती, हे सिद्ध करावं लागतं. केस पेपर पुढे करून कुणी सुनेला माहेरी धाडू पाहत असेल, तर हे ठणकावून सांगा.

दवाखान्यात जाताना

झोप, भूक, पाळी, थकवा कधीपासून बिघडला ते वहीत लिहून न्या. घरातलं मरण, कर्ज, मारहाण यांतलं काही घडलं असेल तर लपवू नका. नवरा किंवा सासूबाई सोबत असतील, तरी थोडा वेळ डॉक्टरांशी एकटीने बोलण्याची मागणी करा. “या नावाचा अर्थ काय? गोळ्या किती दिवस?” हे न लाजता विचारा. सगळे कागद जपून ठेवा, आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका.

आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर नाव ठरेपर्यंत थांबू नका. जवळच्या माणसाला लगेच सांगा, दवाखाना गाठा, किंवा ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.