राखणीचा कुत्रा आजारी पडला तर : कमी खर्चात काय करावे, काय टाळावे



बेणे, खत, पाणी या नेहमीच्या विषयांपेक्षा आज जरा वेगळा विषय घेतला आहे. वडवणी, चिंचवण, उपळी या आपल्या भागात रात्रीची लाईट आली की मालक मोटर चालू करायला निघतो आणि त्याच्या पुढे कुत्रा चालतो. उसात रानडुक्कर शिरले तर पहिली चाहूल त्यालाच लागते. तोडीला जाणाऱ्या कुटुंबाच्या गाडीमागे हाच गडी कारखान्यापर्यंत जातो आणि दिवसभर कोपी राखतो.

तो आजारी पडला की मात्र एकच बोलणे ऐकू येते, "अहो, बैलाला दवाखाना ठीक आहे, कुत्र्याला कसला दवाखाना?" असे म्हणणारा माणूस निर्दयी असतो असे नाही. उसाचे बिल ठरल्या हप्त्याने येते, आजार काही हप्ता बघून येत नाही. म्हणून पैसा थोडा असेल तर तो कुठे घालावा आणि घरचे उपाय कुठपर्यंत करावेत, याची माहिती पुढे देत आहोत.

आधी तपासा

कुत्र्याचे अंग माणसापेक्षा गरमच असते. साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हा त्याचा नेहमीचा ताप. हात लावून अंदाज येत नाही. साधे थर्मामीटर तेल लावून गुदद्वारात मिनिटभर धरावे. १०३.५ च्या वर गेले तर डॉक्टरांना दाखवावे.

हिरड्या बघा. त्या गुलाबी असाव्यात. गावठी कुत्र्याच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, तेव्हा डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघावी. पांढरट दिसली तर रक्त कमी झाले आहे. मग मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती लगेच खाली बसली नाही, तर अंगातले पाणी आटले आहे.

घरी करता येण्यासारखे

*साधे जुलाब-उलटी :* मोठा कुत्रा हुशार असेल आणि विष्ठेत रक्त नसेल तर सहा-आठ तास खाणे बंद ठेवावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-चार चमचे पाणी पुढे ठेवावे, त्याचे त्याला चाटू द्यावे. जबडा उघडून ओतू नये, पाणी फुफ्फुसात जाते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी साखर-मिठाच्या अशाच पाण्याने पटकीचे हजारो रोगी वाचवले. आपल्याच साखरेचा हा गुण आहे, तो विसरू नये. उलटी थांबल्यावर मऊ भात आणि पाणी घातलेले ताक थोडे थोडे द्यावे. दिवसभरात फरक पडला नाही तर दवाखाना गाठावा.

*जखम :* लिटरभर उकळलेल्या पाण्यात दीड चमचा मीठ घालून, कोमट झाल्यावर जखम धुवावी. अळ्या पडल्या असतील तर टर्पेंटाईन तेलात भिजवून पिळलेला बोळा काही मिनिटे जखमेच्या तोंडाशी धरावा. अळ्या वर आल्या की चिमट्याने काढाव्यात. खोल जखम आणि डोळ्या-कानाजवळची जखम घरी करू नये. दुखऱ्या जागी हात लावला की पाळलेला कुत्राही चावतो. त्यामुळे आधी फडक्याच्या पट्टीचे मुसके बांधावे. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर मात्र मुसके बांधू नये.

हे करू नका

१) खरजेवर जळके ऑइल किंवा रॉकेल लावू नका. कातडी भाजते, आणि कुत्रा ते चाटतो. खरजेचे चांगले औषध दवाखान्यात मिळते, पण ते वजनावर द्यावे लागते. बैलाचे इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचू नका.

२) गोचीड मारायला पिकावरचे औषध अंगाला लावू नका.

३) माणसाच्या ताप-अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड निकामी होते. पॅरासिटामॉलही अंदाजाने देऊ नये.

४) विषबाधा झाल्यावर ओकारीसाठी मीठ पाजू नका. ते मीठच जिवावर उठते.

येथे वाट बघू नका

पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे, घाण वासाचे जुलाब लागले तर तो बहुधा पार्व्हो, म्हणजे गावात म्हणतात तो गॅस्ट्रो. हा विषाणूचा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. विषाणू मारणारे हुकमी औषध नाही. सलाईन देऊन पाणी भरून काढणे, हाच मुख्य उपचार. पहिल्या दिवशी नेले तर पिल्लू वाचण्याची आशा असते, चौथ्या दिवशी खर्चही जातो आणि पिल्लूही.

गोचीड झालेला कुत्रा मलूल पडला, ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त आले तर तो गोचीड ताप समजावा. यातल्या एका मुख्य प्रकारावर डॉक्सीसायक्लीन हे जुने, स्वस्त औषध चालते. पण प्रकार आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची, आणि गोळ्या सांगितले तितके दिवस द्यायच्या. चार दिवसांत उठून बसला म्हणून बंद करू नयेत.

तोंडाला लाळ, अंगाला थरथर, डोळ्यांची बाहुली बारीक झालेली असेल तर कीटकनाशकाची बाधा समजावी. हातमोजे घालून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन निघावे. साप चावला तरी थेट दवाखाना.

वडवणीच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात प्रथम विचारावे. तेथे सेवाशुल्क नाममात्र असते, काही औषधे बाहेरून आणावी लागतात. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री क्रमांक आहे. अवघड दुखण्याला बीडचे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टरांना आधीच सांगावे, "साहेब, माझ्याजवळ इतकेच आहेत, यात सर्वात गरजेचे काय ते करा." यात लाजण्यासारखे काही नाही. हंगामात ट्रॅक्टरवाल्याशी आपण असेच बोलतो. आजारी कुत्रा दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून येणे ही मात्र लाजेची गोष्ट आहे. त्यात त्याचे हाल होतात आणि रोग दुसऱ्याच्या दारात जातो.

पिसाळलेल्याला हात नाही

स्वभाव अचानक बदलला, आवाज घोगरा झाला, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, चाल लटपटली की सावध व्हा. पुष्कळांना वाटते, घशात हाड अडकले. म्हणून ते तोंडात हात घालून बघतात. हा हात घालू नका! लांबूनच कोंडता आले तर कोंडा आणि दवाखान्याला कळवा. रोग उमटल्यावर उपाय नाही, कुत्र्यालाही नाही आणि माणसालाही नाही.

चावला, ओरखडला किंवा जखमेला लाळ लागली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. तेथे लस मोफत मिळते, डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पुरे करा. १८८५ साली पाश्चर यांनी पहिल्या मुलाला ही लस दिली, तेव्हापासून वेळेवर लस घेणारा माणूस वाचतो आहे. गाय-बैलाला चावा झाला असेल तर त्यांनाही लस द्यावी लागते. ते जनावरांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे.

पैसा नेमका कुठे घालावा

वर सांगितलेल्या उपचारांत सर्वात स्वस्त उपचार लसीचा. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचे झाल्यावर पार्व्होची लस सुरू करावी आणि डॉक्टर सांगतील तसे पुढचे डोस द्यावेत. तीन महिन्यांनंतर पिसाळण्याची लस, आणि ती दरवर्षी.

एकट्याला हा खर्च जड वाटतो. पण पिसाळण्याची लस दहा डोसांच्या बाटलीतही येते, आणि तिचा एक डोस सुट्या लसीपेक्षा स्वस्त पडतो. गटातल्या दहा जणांनी नावे काढावीत, वर्गणी करावी, डॉक्टरांना एक दिवस ठरवून मागावा. लस बर्फाच्या पेटीतूनच आणावी, उन्हात तापली की ती वाया गेली. तोडीला जाणाऱ्यांची कुत्री धरायची तर दसऱ्याच्या आधीचा दिवस घ्यावा, कारण पुढे सगळी पांगतात.

एकट्याला कारखाना काढता आला नसता म्हणून आपण शेअर्स गोळा केले. दहा कुत्र्यांच्या लसीला तर त्याहून फार थोडे लागते.