खोली तिघांची, कागद एक

कॉलेजं सुरू झाली, की गादीची वळकटी आणि बादली घेऊन परगावची मुलं आमच्या आष्ट्यात उतरतात. १९९९ साली इथं अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, तेव्हापासून खोली करून राहणारी पोरं गावाला नवी नाहीत. शेजारच्या अशाच तिघांना मी म्हटलं, "आपसांतला व्यवहार कागदावर उतरवा." एक जण हसून म्हणाला, "काका, आम्ही दोस्त आहोत. कागद कशाला?"

कधीकाळी मीही हेच म्हणालो होतो.

बी. ए.ला असताना कोल्हापुरात आम्ही तिघं एका खोलीत राहत होतो. परीक्षेआधी दोन महिने एकानं खोली सोडली. त्याचं म्हणणं, "अनामतीतला माझा वाटा भाड्यात धरा." आमचं म्हणणं, "अनामत मालकाकडं, ती शेवटी मिळणार. भाडं तर आत्ता रोख द्यायचंय." खोटं कुणीच बोलत नव्हतं. आधी मात्र कुणीच बोललं नव्हतं. पैसे थोडे होते, पण मैत्री तुटली. पुढं एकदा एस.टी. स्टँडवर तो समोरून आला आणि आम्ही दोघांनीही मान वळवली. ते आजही सलतं.

खोलीचे कागद खरं तर दोन. पहिला घरमालकाबरोबरचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो; नोंदणीची जबाबदारी मालकाची. दुसरा कागद राहणाऱ्यांचा आपापसांतला. तो कुणी मागत नाही, म्हणून राहून जातो. पण तिघांनी मिळून भाड्याची हमी दिली असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर १८७२ च्या करार कायद्यानं मालक पूर्ण भाडं कुणाही एकाकडं मागू शकतो. भरणाऱ्याला इतरांकडून वाटा घेता येतो. मात्र वेगळं ठरलेलं नसल्यास कायदा तो वाटा समान धरतो.

समान वाटा नेहमी रास्त असतोच असं नाही. समजा, भाडं ४,५०० रुपये. आतली खोली एकट्याला, बाहेरची दोघांना. मग एकट्यानं १,९०० आणि दोघांनी प्रत्येकी १,३०० द्यावेत. हे आकडे ठरवायचे कसे? जो भाकरीचे तुकडे करतो, त्यानं आपला तुकडा शेवटी उचलावा. तसंच एकानं आकडे मांडावेत आणि जागा बाकीच्यांनी आधी निवडावी. मग मांडणारा आपसूक न्यायानं मांडतो.

कागदात आणखी काय असावं? अनामत कुणी किती भरली. सोडून जाणाऱ्यानं एक महिना आधी सांगावं. बदली माणूस आला, तर त्यानं जाणाऱ्याची अनामत त्याच्या हातात द्यावी. शेगडी, पंखा कुणाच्या पैशातून आला. वीजबिल, झाडलोट, पाणी भरण्याची पाळी. पाहुणा किती दिवस राहील. एकाचा श्रावण, दुसऱ्याचे रोजे, तर चुलीवर काय शिजेल, हेही मोकळेपणानं लिहावं. खाली तारीख, सगळ्यांच्या सह्या आणि प्रत्येकाकडं एकेक प्रत. एखादा अठराच्या आतला असेल, तर त्याच्या पालकांना विचारात घ्यावं.

लिहून घेणं म्हणजे अविश्वास, असं आपल्याला वाटतं. कुराणातली सर्वांत मोठी आयत मात्र याच विषयावर आहे: मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवा, लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये. माणूस खोटा नसला, तरी विसरतो आणि आपल्या सोयीचं तेवढं आठवतो. म्हणून मैत्री ताजी असतानाच लिहावं. भांडण झाल्यावर कागद लिहिला जात नाही, फाडला जातो.

त्या संध्याकाळी ती मुलं वही घेऊन बसली. पहिलाच वाद निघाला तो पहाटेच्या गजराचा. चला, तो पहिल्याच दिवशी निघाला हे बरं झालं!