निळ्या केंद्रकात काय बांधलेलं असतं

हिमॅटॉक्सिलिन हा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघतो. तुरटीबरोबर मुरवला की तो पेशीच्या केंद्रकाला धरतो आणि केंद्रक गडद निळं दिसायला लागतं. बाकीच्या पेशीला इओसिन गुलाबी करतं. जगभरातल्या पॅथॉलॉजी विभागांत ही जोडी शंभराहून जास्त वर्षं चालत आली आहे. परळच्या एका रुग्णालयात मी नोकरीभर हेच काम केलं. शस्त्रक्रियेतून आलेला तुकडा फॉर्मलीनमध्ये ठेवायचा, मेणाचा ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर चार मायक्रॉनचा काप काढायचा, तो कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचा आणि रंगवायचा. पापडीहून एसटीने वसई रोड, तिथून दादरची लोकल, आणि दिवसभर निळं-गुलाबी.

डॉक्टर स्लाइड बघताना केंद्रकाकडे आधी बघतात. ते फार मोठं, वेडंवाकडं, नेहमीपेक्षा काळपट असेल तर तिथेच थांबतात. काळपट का, तर कधी त्यात डीएनए जास्त असतो, कधी तो वेगळ्या तऱ्हेने गुंडाळलेला असतो. या दुसऱ्या कारणाबद्दल मी लिहिते आहे, कारण निवृत्तीनंतर त्याने मला जितकं वाचायला लावलं तितकं परीक्षांनीही लावलं नव्हतं.

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर भरेल. तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात बसतो, कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोन सापडलं ते १८८४ साली, जर्मनीत आल्ब्रेख्त कोसेल यांना, बदकाच्या जातीतल्या हंसाच्या रक्तपेशींत. आठ हिस्टोन मिळून एक गोळा, त्यावर डीएनएच्या १४७ जोड्यांचा सुमारे पावणेदोन वेढ्यांचा फेरा, मग थोडा मोकळा धागा, मग पुढचा गोळा. ही रचना कळायला १९७४ उजाडलं. तोवर हिस्टोन म्हणजे नुसतं पॅकिंगचं सामान, असंच बहुतेकांना वाटत होतं.

बहुतेकांना, सगळ्यांना नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट ऑलफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ सालीच सांगितलं होतं की हिस्टोनवर अ‍ॅसिटिल नावाचा छोटासा रासायनिक गट चिकटला की त्या भागातली जनुकं वाचली जातात. हा गट लावणारं कोण आणि काढणारं कोण, हे मात्र कळत नव्हतं. तीस वर्षं हा विषय जवळजवळ पडून राहिला. १९९६ साली डेव्हिड अ‍ॅलिस यांच्या गटाने एका तळ्यातल्या एकपेशीय जीवात लावणारं एन्झाइम पकडलं, आणि त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या प्रयोगशाळेने माणसातलं काढणारं. त्यानंतर या क्षेत्रात जी रीघ लागली ती अजून थांबलेली नाही.

आमची पापडीत पानवेलींची वाडी होती. बाबा वेल पांगाऱ्यावर चढवायचे आणि पेरापेराला केळीच्या सोपटाने बांधायचे. एखाद्या पेरावर सोपट फार आवळलं गेलं की तिथला फुटवा दबायचा. मग ते तेवढीच गाठ सैल करायचे, बाकीच्यांना हात लावायचे नाहीत. हिस्टोनचं काम मला असंच समजतं. प्रत्येक हिस्टोनला एक मोकळं शेपूट असतं. त्यातल्या लायसिन या घटकावर धन भार असतो, डीएनएवर ऋण, म्हणून दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात. पी-३०० सारखं एन्झाइम लायसिनवर अ‍ॅसिटिल लावतं, भार नाहीसा होतो, पकड ढिली पडते आणि तिथलं जनुक वाचणारी यंत्रणा आत शिरते. एचडॅक गटातली एन्झाइमं तेच अ‍ॅसिटिल काढून टाकतात. मिथाइल लावणारी मंडळी वेगळी. त्यात आणखी गंमत अशी की एच-३ हिस्टोनच्या चौथ्या जागेवर मिथाइल लागलं तर जनुक सहसा चालू असतं, सत्ताविसाव्या जागेवर तीन मिथाइल लागले तर बंद. गट तोच, जागा वेगळी, परिणाम उलटा.

गालाच्या आतली पेशी इन्सुलिन बनवत नाही ती याचमुळे. इन्सुलिनचं जनुक तिच्यातही जसंच्या तसं आहे. पण ते तिच्यात बांधून ठेवलेलं आहे, आणि पेशी विभागली तरी लेकीपेशींत बहुधा बांधलेलंच राहतं.

अ‍ॅसिटिल लावणारं एन्झाइमच जन्मतः अर्धं असेल तर काय होतं, याचं उदाहरण रुबिनस्टाइन-टेबी सिंड्रोममध्ये दिसतं. अशा मुलांचे अंगठे रुंद असतात, वाढ आणि बुद्धीचा विकास मागे पडतो. बऱ्याच मुलांत पी-३०० च्या जुळ्या भावासारख्या सीबीपी या प्रथिनाच्या जनुकात दोष सापडतो. कधी एन्झाइम ठीक असतं आणि हिस्टोनच बिघडतं. लहान मुलांच्या मेंदूच्या खोडात होणाऱ्या एका अतिशय वाईट गाठीत एच-३ ची तीच सत्ताविसावी जागा बदललेली असते, हे २०१२ साली समोर आलं. लायसिनच्या जागी दुसराच घटक येऊन बसतो आणि मिथाइल लावणारं एन्झाइम तिथे अडकून पडतं. त्यामुळे जी जनुकं बंद राहायला हवी होती, ती उघडी पडतात.

आता आपल्याकडच्या आजाराकडे येते. वसईचं पान एके काळी फार लांब जायचं. पान स्वतः गुन्हेगार नाही असं मी लहानपणी ऐकलं आणि अजूनही मानते. पण पानात जे घालतात त्याचा निकाल लागलेला आहे. तंबाखूचा तर कधीच, आणि तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कर्करोग करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली जाहीर केलं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. माझ्या ब्लॉकच्या कपाटांना ही बंदी कधी जाणवली नाही.

तोंडाच्या कर्करोगातलं हिस्टोन कसं असतं, हे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तपस कुंडू यांच्या गटाने पाहिलं. २०१० साली त्यांनी दाखवलं की गाठीच्या पेशींत हिस्टोनवर शेजारच्या निरोगी भागापेक्षा जास्त अ‍ॅसिटिल असतं आणि पी-३०० जास्त जोमात असतं. म्हणजे इथे पकड फार ढिली झालेली. याच गटाने त्याआधी २००४ साली पी-३०० ला आवर घालणारे दोन पदार्थ शोधले होते. एक हळदीतलं कर्क्युमिन, दुसरं कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल. दोन्ही आपल्या स्वयंपाकघरातले! कोकणातल्या माणसाची छाती फुगावी अशीच ही बातमी आहे, आणि माझीही फुगली.

पण पुढचं वाचल्याशिवाय छाती फुगवू नये. हे प्रयोग परीक्षानळीत आणि वाढवलेल्या पेशींवर झाले. हळकुंडात कर्क्युमिन वजनाच्या जेमतेम काही टक्के असतं. खाल्लेल्यातलं फारच थोडं रक्तात उतरतं, आणि उतरतं तेही टिकत नाही. म्हणूनच कुंडू यांच्या गटाला कर्क्युमिनपासून पाण्यात विरघळणारा नवा रेणू, सीटीके-७ए, बनवावा लागला. त्याने उंदरांमध्ये तोंडाच्या कर्करोगाची गाठ आवरली. उंदरांमध्ये. फोनवर फिरणाऱ्या संदेशांत हा शब्द नेमका गळतो.

खरी अडचण आणखी वेगळी आहे. अमेरिकेत २००६ साली मंजूर झालेलं व्होरिनोस्टॅट हे औषध त्वचेतल्या एका लिम्फोमासाठी देतात, आणि ते करतं काय? एचडॅकला अडवून अ‍ॅसिटिल वाढवतं. म्हणजे तोंडाच्या गाठीत जे जास्त झालेलं दिसलं, तेच दुसऱ्या आजारात मुद्दाम वाढवायचं. तेव्हा अ‍ॅसिटिल चांगलं की वाईट हा प्रश्नच चुकीचा. कुठल्या पेशीत, कुठल्या जनुकाजवळ, कुठल्या जागेवर, हे विचारावं लागतं. आज हातात असलेली बहुतेक औषधं इतकं विचारत नाहीत, हिस्टोनच्या सरसकट सगळ्या गाठींना हात घालतात. म्हणूनच रक्ताच्या आणि लसिका पेशींच्या काही कर्करोगांत ती चालली, पण फुप्फुस किंवा आतड्याच्या टणक गाठींवर एकट्याने त्यांनी फारसं काही करून दाखवलेलं नाही.

खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तिथल्या संजय गुप्ता यांच्या गटाचा जठराच्या कर्करोगावरचा २०१६ चा अभ्यास मी दोनदा वाचला, कारण तो थेट माझ्या टेबलापर्यंत येतो. गाठ काढताना सर्जन तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भागही काढतो. त्या कडेचे काप आम्ही करायचो. कडेला कर्करोगाची पेशी दिसली नाही की रिपोर्टमध्ये ‘कडा मोकळ्या’ असं जायचं आणि बाहेर बसलेल्या माणसांचे चेहरे बदलायचे. गुप्ता यांच्या गटाने याच मोकळ्या कडांमध्ये एच-३ च्या दहाव्या जागेवरच्या सेरीनला चिकटणारा फॉस्फेट मोजला. पेशी विभागताना ही खूण वाढते हे माहीत होतं. इथे ती विभागणी नसतानाही वाढलेली होती, आणि ती लावणारं एन्झाइम एमएसके-१ निघालं. गाठीपासून जितकं लांब जावं तितकी खूण कमी. ज्यांच्या मोकळ्या कडेतही ती बरीच शिल्लक होती, त्यांचं पुढचं आयुष्य कमी निघालं.

म्हणजे माझ्या निळ्या रंगात जी पेशी शहाण्यासारखी दिसत होती, तिच्या हिस्टोनवर गाठीची छाया पडलेली असू शकते. हिमॅटॉक्सिलिनला ती दिसत नाही, त्यासाठी त्या खुणेलाच पकडणारी अँटिबॉडी लागते. हा एका संस्थेतला अभ्यास आहे आणि नेहमीच्या रिपोर्टात ही तपासणी नसते, हेही सांगायला हवं. तरी ‘मोकळ्या’ या शब्दाकडे मी आता पूर्वीसारखं बघत नाही.

एचडॅक अडवणारं एक औषध पापडीच्या बाजारातल्या औषधाच्या दुकानातही मिळतं, आणि ते कर्करोगाचं नाही. व्हॅल्प्रोएट १८८२ साली तयार झालं, ऐंशी वर्षं प्रयोगशाळेत दुसरी औषधं विरघळवायला वापरलं गेलं, आणि १९६२ च्या सुमारास फ्रान्समध्ये योगायोगाने कळलं की आकडी थांबवणारं खरं तर तेच आहे. ते एचडॅकही अडवतं हे २००१ साली कळलं. गर्भारपणात घेतलं तर दहातल्या साधारण एका बाळाला जन्मतः व्यंग होतं, आणि गर्भात जनुकं कधी उघडायची कधी मिटायची याच्या वेळापत्रकात ढवळाढवळ होणं हे त्याचं एक कारण असावं असं संशोधकांना वाटतं. आकडीची गोळी चालू असलेल्या लग्नाळू मुलींनी हे डॉक्टरांशी बोलावं. मनाने गोळी मात्र बंद करू नये. अचानक आलेली आकडी जीव घेऊ शकते.

आमच्या आळीतल्या एका रिक्षावाल्याचं तोंडाचं ऑपरेशन झालं, आता शेक चालू आहे. त्याच्या बायकोने परवा मला फोनवरचा संदेश दाखवला. “मावशी, कोकम आणि हळद रोज दिली तर गाठ परत येत नाही म्हणतात. देऊ का?” मी तिला पी-३०० सांगायला बसले नाही. त्याचं तोंड आतून सोललेलं आहे, आंबट-तिखट लागलं तर तो तीन दिवस जेवणार नाही, म्हणून कोकम सध्या बंद, असं सांगितलं. भाजीत घालते तेवढी हळद घाल म्हटलं. आणि विचारलं, रिक्षाच्या डिकीतली तंबाखूची पुडी फेकलीस का. ती म्हणाली, पुडी फेकली, सुपारी आहे. ती पण फेक म्हटलं.