‘काही झालेलं नाही, घरी जा’ : रुग्णालयातले गैरसमज आणि वस्तुस्थिती

उमरोळीत रात्री कुणाची तब्येत बिघडली, तर घरच्यांपुढे दोन वाटा असतात. रेल्वेने एक स्टेशन अलीकडे पालघर, एक स्टेशन पलीकडे बोईसर. दुखणं मोठं असलं तर सिल्वासा, वलसाड, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. मजुरी बुडवून, उसने पैसे घेऊन पोहोचलेल्या माणसाला तिथे ‘नाटक करू नकोस’ असं ऐकावं लागलं, तर तो पुढे बोलतच नाही. डॉक्टरांना हवी असलेली माहिती त्याच्या पोटातच राहते. म्हणून रुग्णावर विश्वास ठेवणं हा सौजन्याचा मुद्दा तर आहेच, पण आधी तो उपचाराचा भाग आहे. या बाबतीतले काही गैरसमज रुग्णांच्या मनात असतात, काही कर्मचाऱ्यांच्या. दोन्ही दूर व्हायला हवेत.

गैरसमज १ : तपासणीत काही सापडलं नाही, म्हणजे दुखणं खोटं आहे.

वस्तुस्थिती : वेदना मोजणारी रक्ततपासणी अजून निघालेली नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यासोबतच्या टिपणांत, माणूस ‘मला दुखतंय’ म्हणतो तेव्हा त्याच्या म्हणण्याचा आदर व्हावा, असं स्पष्ट नमूद केलं आहे.

आपल्याच भागातली उदाहरणं पाहा. पालघरसारख्या आदिवासी जिल्ह्यांत सिकल सेल हा आनुवंशिक आजार आढळतो. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा उठतात. बाहेरून सूज नसते, एक्स-रे स्वच्छ येतो, नाडी आणि रक्तदाबही ठीक असू शकतात. अशा रुग्णाला ‘इंजेक्शनची सवय लागली आहे’ असं म्हणून परत पाठवणं जिवावर बेतू शकतं. आपली सिकल सेलची तपासणी झाली असेल, तर तिचं कार्ड जवळ ठेवा आणि दाखल होतानाच दाखवा.

दुसरं उदाहरण मण्यारीचं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. दाताच्या खुणा जेमतेम दिसतात, जागा सुजत नाही, चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, मग पापण्या मिटायला लागतात आणि बोलणं जड होतं. हा माणूस दारू प्यायला आहे किंवा अपचनाचा त्रास आहे असं समजून सोडून दिलं, तर श्वास बंद पडू शकतो. ‘रात्री जमिनीवर झोपलो होतो’ हे त्याचं वाक्य इथे सर्वांत महत्त्वाचं असतं.

हृदयविकाराच्या झटक्यातही पहिला ईसीजी सामान्य येऊ शकतो. त्रास चालू असेल, तर ईसीजी पुन्हा काढणं आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी करणं आवश्यक ठरतं. बायकांमध्ये छातीतल्या कळेऐवजी दम लागणं, मळमळ किंवा विलक्षण थकवा हीच लक्षणं ठळक असू शकतात.

गैरसमज २ : कष्टकरी आणि आदिवासी बायका काटक असतात, त्यांना वेदना कमी होतात.

वस्तुस्थिती : याला शास्त्राचा कसलाही आधार नाही. असा समज फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२२ गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांना प्रश्न विचारले गेले. काळ्या लोकांच्या शरीराबद्दलची किमान एक खोटी समजूत त्यांतल्या सुमारे निम्म्यांना खरी वाटत होती. ज्यांच्या मनात अशा समजुती होत्या, त्यांचा काळ्या रुग्णांच्या वेदनेचा अंदाजही कमी होता. टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिला २०१७ मध्ये बाळंतपणानंतर श्वास घेता येईना. फुप्फुसात गुठळ्या झाल्याचं तिने स्वतः ओळखलं आणि सीटी स्कॅन मागितला. नर्सला वाटलं, औषधांमुळे ती गोंधळली आहे. अखेर स्कॅन झाला, तेव्हा गुठळ्या सापडल्या. जगप्रसिद्ध खेळाडूची ही गत, तर वाडी-पाड्यावरच्या बाईला आपलं म्हणणं पटवून देणं किती कठीण जात असेल!

प्रसूतीच्या वेळी विश्वासाची एक बाई सोबत असू द्यावी, अशी सूचना केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांसाठी काढली. २०१७ पासूनच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिगृहातली सन्मानाची वागणूक हा गुणवत्तेचा निकष आहे. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणं किंवा तिला टोमणे मारणं या निकषात बसत नाही.

गैरसमज ३ : उपचार फुकट असतील, तर बोलायचा हक्क नाही.

वस्तुस्थिती : सरकारी दवाखाना आपल्याच करातून चालतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालयाला पैसे मिळतात, ते फक्त तुमच्या खिशाऐवजी योजनेतून येतात. तिथे आरोग्यमित्र असतो आणि १५५३८८ हा मदत क्रमांक आहे. तारापूर एमआयडीसीतल्या ज्या कामगारांच्या पगारातून ईएसआयची म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची ०.७५ टक्के वर्गणी कापली जाते, त्यांनी तर उपचारांची किंमत आधीच मोजलेली असते. ईएसआयचा विमाधारक ‘ग्राहक’ ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली दिला.

गैरसमज ४ : कागदावर सही केली, आता काहीच विचारता येणार नाही.

वस्तुस्थिती : न समजता केलेली सही म्हणजे संमती नव्हे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी वापरता येत नाही. जिवावरचा तातडीचा प्रसंग एवढाच त्याला अपवाद. आजार काय, उपाय कोणते, धोके काय, हे कळेल अशा भाषेत सांगणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे. रुग्ण वारली बोलीत बोलत असेल, तर ती समजणाऱ्या माणसाला मध्ये घ्या. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क आहे. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्कही त्यात आहे.

गैरसमज ५ : केसपेपर रुग्णालयाची मालमत्ता आहे, तो मागू नये.

वस्तुस्थिती : डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपून ठेवाव्या लागतात आणि मागणी केल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. अर्ज लेखी करा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सरकारी रुग्णालयातली माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानेही मागता येते. प्रश्न जिवाचा असेल, तर उत्तराची मुदत ३० दिवसांची नसून ४८ तासांची असते.

गैरसमज ६ : तक्रार करून काही होत नाही.

वस्तुस्थिती : बऱ्याच तक्रारी चुकीच्या दारात जाऊन थांबतात. प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दलची तक्रार जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करावी, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाबद्दलची जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. ‘आपले सरकार’ पोर्टलवर ती ऑनलाइनही नोंदवता येते. डॉक्टरचं वर्तन व्यवसायाला न शोभणारं असेल, तर महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे. पैसे मोजून किंवा विम्यातून घेतलेल्या उपचारात हयगय झाली असेल, तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाता येतं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते आणि वकील असणं सक्तीचं नाही. मात्र जिथे सर्वांनाच पूर्ण मोफत सेवा मिळते, ती रुग्णालयं ग्राहक कायद्यात येत नाहीत. तिथे वरच्या अधिकाऱ्यांची वाट धरावी लागते.

लोकांनी एकत्र येऊन विचारलं, तर यंत्रणेला उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्रात २००७ च्या सुमारास आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता आणि आजचा पालघर त्याचाच भाग होता. गावकऱ्यांनी दवाखान्यांची प्रगतिपत्रकं भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडले.

गैरसमज ७ : आवाज चढवल्याशिवाय कुणी ऐकत नाही.

वस्तुस्थिती : हात उगारला की मूळ तक्रार बाजूला पडते. २०१० च्या राज्य कायद्यानुसार वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसेला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नुकसानीच्या दुप्पट भरपाईही द्यावी लागते. एका सिस्टरवर अख्ख्या वॉर्डाचा भार असतो हेही खरं आहे आणि तिच्याशी आदरानेच बोलायला हवं. पण गर्दी आहे म्हणून रुग्णाचं न ऐकण्याची मुभा मिळत नाही.

उपयोग होतो तो शांत आणि नेमक्या बोलण्याचा. त्रास कधी सुरू झाला, वाढतोय की कमी होतोय, आधी कोणतं औषध घेतलं, हे क्रमाने सांगा. मग म्हणा, ‘डॉक्टर, मी सांगितलेलं केसपेपरवर लिहा.’ घरी पाठवत असतील तर विचारा, ‘कोणतं लक्षण दिसलं तर लगेच परत यायचं?’ तपासणी नाकारली, तर नकाराचं कारण लिहून मागा. दुखणं वाढलं, तर वरिष्ठ डॉक्टरांना बोलवायला सांगा. नातेवाइकांनीही गप्प बसू नये. लंडनमध्ये २०२१ साली १३ वर्षांची मार्था मिल्स दगावली. तिची तब्येत ढासळते आहे हे आई-वडील सांगत होते, पण त्यांचं ऐकलं गेलं नाही. त्यानंतर इंग्लंडमध्ये ‘मार्था नियम’ आला. २०२४ मध्ये १४३ रुग्णालयांत त्याची सुरुवात झाली आणि रुग्णाला किंवा नातेवाइकांना दुसऱ्या तज्ज्ञ पथकाकडून तातडीने फेरतपासणी मागण्याची सोय झाली. आपल्याकडेही अशी सोय व्हायलाच हवी.

डॉक्टर-कर्मचाऱ्यांपुढे तर कोकणातलंच मोठं उदाहरण आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगडातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांजवळ रात्र-रात्र बसून त्यांची लक्षणं टिपली. त्या नोंदींतून पुढे प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला आणि असंख्य जीव वाचले. रुग्णाकडे नीट लक्ष दिलं तर केवढं काम होऊ शकतं, याचा हा आपल्याच मातीतला पुरावा आहे.

महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार खासगी रुग्णालयांना रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. पालघरला किंवा बोईसरला जाल तेव्हा ती सनद शोधा, वाचा, सोबतच्यांना वाचून दाखवा. लावलेली नसेल, तर ती का नाही हे तिथेच विचारा आणि उत्तर मिळालं नाही, तर जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा.